कॉर्नेटच्या सांध्यातून हवा निसटते आहे, एपॉक्सी लावू का?

मधला_जी

मंडळी, एका जुन्या कॉर्नेटबद्दल (ट्रम्पेटसारखं फुंकून वाजवायचं वाद्य) सल्ला हवा आहे. वाद्य वापरलेलं घेतलंय. पितळी आहे, लॅकर बऱ्याच ठिकाणी उडालाय. खालचा सी आणि मधला जी ठीक वाजतात, पण त्याच्या वरचा सी आणि ई काही केल्या ठरत नाहीत. लागतात, पण पोकळ लागतात, आणि जरा जोर कमी केला की स्वर खाली घसरतो. दोष माझ्या ओठांचा असेल असं वाटलं म्हणून त्याच माउथपीसने मित्राचा कॉर्नेट वाजवून पाहिला. त्यावर दोन्ही स्वर सरळ उभे राहिले.

नीट पाहिल्यावर तीन गोष्टी दिसल्या. माउथपीस ज्या नळीत बसतो ती लीडपाइप पुढे जिथे जाड नळीत शिरते, तिथल्या कड्याला एका बाजूने बारीक हिरवी रेघ आली आहे. लीडपाइपला बेलशी (पुढच्या फाकलेल्या तोंडाशी) जोडणारा आडवा ब्रेस, म्हणजे आधाराची दांडी, एका टोकाला सुटला आहे आणि काही स्वरांना झणझणतो. मुख्य ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे स्वर जुळवायला आतबाहेर सरकवायची दोन पायांची वळलेली नळी, इतकी ढिली आहे की बेल जमिनीकडे केली की आपोआप बाहेर येते.

पुढच्या आठवड्यात कार्यक्रम आहे. बँडमधल्या एकाने सांगितलं की दोन भागांचं एपॉक्सी आण, कड्याभोवती फिरव, काम झालं. करू का? स्लाइडवर टेफ्लॉन टेप गुंडाळली तर चालेल का?

ट्रॉम्बोनकर

बाकी काही करण्याआधी वॉटर की तपासा. पाणी सोडायच्या त्या छोट्या कळीखालचा बूच जुना झाला की वाळून दबतो, कधी एका बाजूने झिजतो. वाजवताना दुसऱ्या कोणाला तरी ती कळ बुचाच्या बाजूने बोटाने भोकावर घट्ट दाबून धरायला सांगा. दाबल्यावर स्वर सुधारला तर दोष बुचाचा किंवा त्याच्या स्प्रिंगचा. बूच बदलणं घरच्या घरी होतं. जुना खरवडून काढायचा, नवा सपाट कापायचा आणि भोकाच्या काठावर सगळीकडून सारखा टेकतोय ना, ते पाहायचं. माझ्या पाहण्यात 'वाद्य गळतंय' म्हणून आलेल्या तक्रारींत हे कारण फार वेळा निघालंय.

डाखवाली

एपॉक्सी लावू नका, कळकळीने सांगते आहे. मी पितळी वाद्यं दुरुस्त करते आणि ज्या सांध्यात कोणीतरी आधी गोंद भरलेला असतो, तो सांधा माझ्या दृष्टीने सगळ्यात वाईट. डाख (सांधा जोडायला वितळवून भरतात तो धातू) फक्त स्वच्छ धातूला धरतो. गोंदाचा पापुद्रा फटीत राहिला तर त्या जागी डाख वाहत नाही, आणि तापवल्यावर गोंद जळून आतच काळा होऊन बसतो. मग पूर्ण सांधा उघडून दोन्ही पृष्ठभाग उघडे पडेपर्यंत घासावे लागतात. लीडपाइपची भिंत मुळात जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यातली किती घासून घालवणार?

आता तुमचं लक्षण. हवा नेमकी कुठून जाते ते कळल्याशिवाय कशालाही हात लावू नका. हिरवी रेघ दिसते म्हणून तिथूनच गळतं असं नाही. कडं बाहेरून कळकलेलं आणि आतून घट्ट, असंही असतं.

सगळे स्वर सारखे बिघडत नाहीत याचंही कारण आहे. नळीतली हवा उभ्या लहरीत हलते. काही जागी दाबाचा चढउतार खूप असतो, काही जागी जवळजवळ नसतोच, आणि प्रत्येक स्वरासाठी या जागा वेगळ्या असतात. ज्या स्वराचा दाब भोकाच्या जागी जोरात बदलतो, तो स्वर कोसळतो. ज्याचा बदलत नाही, त्याला त्या भोकाचा पत्ताही लागत नाही. म्हणून टाचणीच्या टोकाएवढ्या फटीने तुमचा जी शाबूत राहतो आणि वरचा सी हातातून जातो. आणखी एक गोष्ट मी आधी विचारते: बिघाड कोणताही व्हॉल्व्ह न दाबताही आहे का? तुमचे सी आणि ई दोन्ही मोकळे वाजतात, म्हणजे गळती सगळ्या स्वरांच्या वाटेवर आहे. फक्त दुसरा व्हॉल्व्ह दाबल्यावरच स्वर बिघडले असते, तर मी थेट दुसऱ्या व्हॉल्व्हच्या वळणाकडे गेले असते.

तपासणी अशी करा. मुख्य ट्यूनिंग स्लाइड पूर्ण बाहेर काढा. आता लीडपाइप एकटी उरते, एका टोकाला माउथपीसची जागा आणि दुसऱ्या टोकाला उघडी नळी. उघडं टोक अंगठ्याने घट्ट बंद करा, माउथपीसच्या टोकाला ओठ लावून हवा ओढा आणि जिभेने तोंड बंद करा. नळी चांगली असेल तर जीभ तिथे चिकटून राहते, काही सेकंद सुटत नाही. लगेच सुटली तर गळती लीडपाइपमध्ये किंवा तिच्या सांध्यात. ओठ लावायच्या आधी नळीचं टोक साबणाने धुवा, जुन्या वाद्याच्या आत काय काय साठलेलं असतं ते मी रोज पाहते.

मग हातातली सुटी ट्यूनिंग स्लाइड घ्या आणि तेच करा, एक पाय अंगठ्याने बंद, दुसऱ्याला जीभ. तुमची वॉटर की या स्लाइडवर असेल तर तिचाही निकाल इथेच लागतो. बुचाच्या बाजूने बोटाने कळ दाबल्यावर जीभ चिकटली आणि न दाबता सुटली, तर ट्रॉम्बोनकर म्हणतात तो बूच.

तिसरी चाचणी व्हॉल्व्हच्या स्लाइडची. एकही व्हॉल्व्ह न दाबता तिसरी स्लाइड थोडी बाहेर ओढा आणि सोडा. ती स्वतःहून आत खेचली गेली पाहिजे. ओढून धरून व्हॉल्व्ह दाबलात तर 'टप्' असा आवाज यायला हवा. आला नाही तर स्लाइडला घट्ट ग्रीस लावून पुन्हा करा. आता आवाज आला तर स्लाइडचे पाय ढिले होते. तरीही आला नाही तर पिस्टनला (व्हॉल्व्हमध्ये वरखाली होणाऱ्या दट्ट्याला) जरा जाड तेल घालून पाहा. त्याने आला तर पिस्टन आणि त्याभोवतीचं केसिंग यांच्यातली फट झिजून वाढली आहे. चांगल्या वाद्यात ही फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात, म्हणून तेलाच्या जाडीने एवढा फरक पडतो.

नेमकी जागा शोधायला साबणाचं पाणी पुरतं. लीडपाइपचं एक टोक रबरी बुचाने बंद करा, दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून फुंका आणि सांध्यांवर ब्रशने फेस लावत जा. जिथून हवा जाते तिथे बुडबुडे फुलतात. पूर्ण नळी बादलीत बुडवूनही होतं, पण पाणी कोमट घ्या. गरम पाण्याने उरलासुरला लॅकरही सोलून निघतो.

हे करून इथे लिहा, मग पुढचं बोलू. स्लाइडवर टेफ्लॉन टेप मात्र नको. ती दुमडते, तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जातात आणि ढिली स्लाइड एका बाजूला कलंडून आणखी झिजते.

मधला_जी

ताई, सांगितलंत तसं केलं. ट्यूनिंग स्लाइड आणि वॉटर की ठीक आहेत, जीभ छान चिकटली. तिसऱ्या आणि पहिल्या स्लाइडचा 'टप्' येतो. लीडपाइपला मात्र जीभ टिकतच नाही. साबणाच्या पाण्याने बुडबुडे बरोबर हिरव्या रेघेवर आले, कड्याच्या खालच्या बाजूने, साधारण पाव घेरावर. शिवाय कड्यापासून बोटभर अंतरावर नळीवर दोन गुलाबी ठिपके दिसले, एकाच्या मधोमध काळा बिंदू आहे. तिथे बुडबुडे नाहीत. हे ठिपके काय आहेत?

डाखवाली

छान शोधलंत. आता दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक सोपी आणि एक जरा दुःखाची.

आधी दुःखाची. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. नेहमीच्या पिवळ्या पितळात जस्त साधारण ३० टक्के असतं. लाळ, वाजवण्याआधी खाल्लेल्याचे कण आणि आत साचून राहिलेलं पाणी यांनी जस्त हळूहळू झिरपून निघून जातं आणि मागे सच्छिद्र तांबं उरतं. म्हणून तो रंग गुलाबी. ही कीड आतून बाहेर येते, त्यामुळे बाहेर ठिपका दिसला म्हणजे आतली भिंत बरीच खाल्ली गेली असं मी धरते. नुसता गुलाबीपणा कधी कधी वरवरचाही असतो, पॉलिशने किंवा आम्लाने आलेला. पण मधोमध काळा बिंदू असला की मला शंका उरत नाही. आज बुडबुडे नाहीत, म्हणजे अजून आरपार गेलेलं नाही. ही लीडपाइप तुम्हाला काही काळ साथ देईल, पण पुढेमागे बदलावी लागेल. ठिपक्यावर डाखाचं ठिगळ देता येतं, मात्र शेजारची भिंतही कमकुवत असल्यामुळे ते काम मी मनापासून करत नाही.

वाढ थांबवणं तुमच्या हातात आहे. वाजवून झालं की पाणी काढून टाका आणि लीडपाइपमधून कापडी स्वॉब ओढा. वाजवण्याआधी चूळ भरा. अधूनमधून कोमट पाणी, सौम्य साबण आणि नळीचा लवचीक ब्रश यांनी आतून धुवा. खरंच एवढंच पुरतं, आणि एवढंच कोणी करत नाही म्हणून माझ्याकडे चाळणी झालेल्या लीडपाइप येतात. फार वाईट वाटतं, कारण बाकीचं वाद्य बहुतेक वेळा खणखणीत असतं.

आता कड्याचा सांधा. तुमचा ब्रेस सुटलाय आणि त्याच नळीचा सांधा एका बाजूने उघडलाय, हा योगायोग नाही. वाद्य कधीतरी आपटलं असणार किंवा कारखान्यातच नळी ताणून बसवली असणार. ब्रेस सुटल्यावर त्याचं टोक जिथे चिकटलेलं होतं तिथून सरकलंय का, ते पाहा. सरकलं असेल तर नळी ताणाखाली होती. ती तशीच दाबून पुन्हा डाखली तर डाख सतत ओढ सहन करत राहतो आणि काही महिन्यांत पुन्हा फटतो. सांध्याचे दोन्ही भाग हात न लावता एकमेकांवर आपापले बसले पाहिजेत. मी आधी नळीचा बाक सुधारते आणि मगच ज्योत पेटवते. या कामातला निम्मा वेळ तिथेच जातो, आणि जाऊ द्यावा.

डाखताना उघडलेल्या पाव घेरावर वरून डाख सोडून भागत नाही. फटीच्या आत जुना कळंक असतो, त्यावर डाख थेंब होऊन बसतो, आत शिरत नाही. पूर्ण सांधा तापवून वेगळा करायचा, दोन्ही पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत साफ करायचे, फ्लक्स (डाख नीट पसरावा म्हणून लावायचं रसायन) लावायचा, पुन्हा जोडायचं. नळी आणि कडं यांच्यात साधारण ०.१ मिलिमीटर फट असली की वितळलेला डाख केशाकर्षणाने आपोआप आत खेचला जातो. ज्योत जाड भागावर ठेवायची, म्हणजे कड्यावर, आणि डाख दुसऱ्या बाजूने लावायचा. तो उष्णतेकडे धावतो. कड्याभोवती पूर्ण चंदेरी रेघ उमटली की ज्योत बाजूला, आणि डाख गोठेपर्यंत कशालाही धक्का नाही. गोठताना हललेला डाख वरून दाणेदार, निस्तेज दिसतो आणि आतून भेगाळलेला असतो.

६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेला डाख १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळतो आणि एकदम गोठतो, म्हणून हाताळायला सोपा. पण लीडपाइपसारख्या तोंडाजवळच्या नळीला मी शिसं वापरत नाही. कथील आणि चांदीचा बिनशिशाचा डाख २२१ अंशांच्या आसपास वितळतो, जरा जास्त उष्णता लागते, जोड जास्त मजबूत होतो. शेवटी फ्लक्स धुऊन टाकणं फार महत्त्वाचं. झिंक क्लोराइडचा फ्लक्स आम्लयुक्त असतो, तो राहिला तर त्याच जागी पुन्हा हिरवं होतं. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आतून आणि बाहेरून धुते, मग साध्या पाण्याने.

कार्यक्रम आधी असेल तर तात्पुरता उपाय सांगते. कडं स्पिरिटने पुसून कोरडं करा, मधमाशांचं मेण बोटात मऊ करून उघड्या फटीवर दाबून बसवा. त्यावर टेफ्लॉन टेपचे घट्ट वेढे द्या, ही टेप बिनगोंदाची असते. वरून साधी चिकटपट्टी, फक्त टेफ्लॉनवरच, लॅकरवर नको. स्लाइडसाठी टेफ्लॉनला नाही म्हटलं ते आत जाण्याच्या भीतीने. इथे ती बाहेर आहे, हलत नाही, म्हणून चालते. मेण नंतर कोमट पाण्यात मऊ करून पुसून काढता येतं, आणि नीट साफ केलं की डाखकामाला अडथळा करत नाही. सुटलेल्या ब्रेसखाली बारीक चामड्याचा तुकडा सरकवून दोऱ्याने बांधा, म्हणजे झणझणणार नाही.

नवखा_ट्युबा

मध्येच विचारतो. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सची सोल्डरिंग इस्त्री आहे, सर्किटांवर चांगला हात बसलाय. असा सांधा तिने होईल का? निदान ब्रेस तरी?

डाखवाली

नाही होणार. पितळ उष्णता झपाट्याने वाहून नेतं आणि वाद्य म्हणजे त्याचा मोठा पसारा. इस्त्रीचं टोक जिथे लावाल तेवढीच जागा तापते, कडं गारच राहतं, आणि डाख वर थापल्यासारखा बसतो. दिसायला जोडलेलं, हाताने ओढलं की निघतं. ब्रेसच्या पायालाही तेच. इलेक्ट्रॉनिक्सच्या डाखाच्या तारेतला राळेचा फ्लक्स काळ्या पडलेल्या पितळाला पुरतही नाही.

छोट्या ज्योतीने शिकायचं असेल तर आधी भंगार नळ्यांवर शिका, वाद्यावर नको. काही गोष्टी पक्क्या ठेवा. पिस्टन, फेल्ट, बूच, स्लाइड सगळं आधी बाहेर. ग्रीसचा अंशही नको. शेजारच्या सांध्यांवर ओलं फडकं गुंडाळा, नाहीतर एक जोडताना दुसरा सुटतो. भाग जागेवर धरायला मऊ लोखंडी तार वापरा, तिला डाख सहजी चिकटत नाही. खिडक्या उघड्या, आणि हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही. व्हॉल्व्हच्या केसिंगजवळ ज्योत नेऊ नका. तिथे केसिंग केसभर वाकलं तरी पिस्टन अडकतो आणि मग ते काम नवशिक्याच्या आवाक्यात राहत नाही. वाद्यात काही सांधे चांदीच्या झाळकामाचे असतात, त्यांना ६०० अंशांच्या वर उष्णता लागते. ते सुटले तर स्वतः प्रयत्नही करू नका.

मधला_जी

मेण आणि टेफ्लॉनने काम झालं. वरचा सी आता ठरतो, ईसुद्धा. ब्रेस चामडं घालून बांधला, झणझण बंद. कार्यक्रमानंतर लगेच दुरुस्तीला देतो. शेवटचे दोन प्रश्न. ढिली ट्यूनिंग स्लाइड गळत नाही, पण बाहेर येते, तिचं काय करू? आणि डाखताना उरलेला लॅकर जाईल का?

डाखवाली

लॅकर त्या जागी जळून तपकिरी होईल, हे आधीच मान्य करून वाद्य द्या. कड्याच्या दोन्ही बाजूंना बोट-दोन बोटं. कोणी 'अजिबात डाग पडणार नाही' असं म्हणालं, तर तो सांधा पूर्ण उघडणार आहे की वरूनच भरणार आहे, ते विचारा. चांदीचा मुलामा असलेल्या वाद्यांना ही अडचण नसते, मुलामा ही उष्णता सहन करतो. लॅकर गेलेली जागा कोरड्या कापडाने पुसत राहिलात तरी हळूहळू काळवंडेल, एवढंच. आवाजाला काही होत नाही.

स्लाइडला आधी घट्ट ग्रीस लावून पाहा, लॅनोलिनचं असेल तर उत्तम. जुनं पातळ तेल पूर्ण पुसून मग लावा. त्याने थांबली तर थांबा, दुसरं काही करू नका. गळत नसलेली आणि सहज हलणारी स्लाइड म्हणजे दोष नव्हे. तरीही घसरली तर एक एक पाय वेगळा घालून पाहा. दोन्ही पाय सारखेच ढिले असतील तर दुरुस्तीत आतल्या नळीचं टोक एक्स्पांडरने किंचित फुलवतात. एक घट्ट आणि एक ढिला असेल तर पाय समांतर नाहीत. तेव्हा फुलवायचं नाही, आधी सरळ करून घ्यायचं. पक्कड किंवा स्क्रूड्रायव्हर घालून घरी फुलवू नका. नळी गोल राहत नाही, तीन-चार जागी टेकते आणि मधून हवा सोडते. मग आज न गळणारी स्लाइड उद्या गळायला लागेल.

दुरुस्तीला देताना कडं, ब्रेस आणि स्लाइड तिन्ही एकदम सांगा. ब्रेस आणि कडं एकाच वेळी जोडलं तरच नळी ताणाशिवाय बसवता येते. मेण लावलंय हेही सांगा, आणि गुलाबी ठिपके दाखवा. दुरुस्त करणाऱ्याने ते पाहून लीडपाइप आत्ताच बदलू या असं सुचवलं, तर ऐका. सांधा तसाही उघडणारच आहे, त्याच खेपेला नवी नळी बसवली की तेच काम दुसऱ्यांदा करावं लागत नाही.